लायसन्स पर्समध्ये, गाडी पार्किंगमध्ये!

ड्रायव्हिंग स्कूलची फी भरली, फोटो काढला, सही केली आणि लायसन्स हातात पडलं. गाडी चालवायला शिकणं मात्र राहूनच गेलं. असं का होतं? आणि चाचणीला जाण्याआधी खरं तर काय काय यायला हवं?

सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. गाव कोणतंही घ्या, डोंबिवली, नाशिक, इंदूर नाहीतर बडोदा. दूधवाला आणि पेपरवाला यांच्या जोडीला कॉलनीच्या रस्त्यावर आणखी एक ठरलेलं दृश्य दिसतं. टपावर त्रिकोणी पाटी, पुढे-मागे लाल रंगातला ‘एल’ आणि दोन आचके देऊन मध्येच बंद पडणारी छोटी मोटार. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आवळून बसलेल्या बाई, शेजारी जांभई देणारे मास्तर आणि मागच्या सीटवर आपली पाळी कधी येते याची वाट पाहणारे दोघं जण. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवतो. बाई घाबरतात. मास्तर म्हणतात, ‘‘त्याच्याकडे लक्ष देऊ नका मॅडम. हाफ क्लच, हाफ क्लच!’’

पंधरा-वीस दिवस हा कार्यक्रम चालतो. मग आरटीओची वारी, मैदानात एक फेरी आणि काही दिवसांनी पोस्टाने लायसन्स घरी. पेढे वाटले जातात. पुढे पुष्कळ घरांत ते कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात जातं आणि रेल्वेत टीसीला ओळखपत्र म्हणून दाखवण्यापुरतं बाहेर येतं. गाडी नवरा चालवतो, नाहीतर मुलगा. ते दोघं गावाला गेले की गाडी इमारतीखाली धूळ खात उभी, आणि लायसन्स असलेल्या बाई नाक्यावर रिक्षाला हात करत उभ्या!

यात हसण्यासारखं काही नाही. मध्यरात्री घरातल्या वडीलधाऱ्यांच्या छातीत दुखू लागलं, शेजारी कुणी जागं नाही, अशा वेळी खाली उभी असलेली गाडी आणि पर्समधलं कार्ड, दोन्ही निरुपयोगी ठरतात. याच्या उलट प्रकार तर अधिकच भयंकर. गाडी नीट न शिकताच लायसन्स मिळवलेले आणि तरीही बिनधास्त रस्त्यावर उतरलेले लोक! सरकारी आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं दगावली. या सगळ्याचं खापर नवशिक्यांवर फोडता येणार नाही. रस्ते, वेग, दारू, अनेक कारणं आहेत. पण ‘लायसन्स आहे म्हणजे गाडी येते’ हे समीकरण आपल्याकडे किती पोकळ आहे, हे खुद्द सरकारही जाणून आहे. देशातली सुमारे ३० टक्के लायसन्स बोगस आहेत, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनीच एकाहून अधिक वेळा जाहीरपणे म्हटलं होतं.

ड्रायव्हर ठेवण्याच्या काळापासून

मोटार चालवणं ही आपल्याकडे फार वर्षं पगारी माणसाची कामगिरी होती. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून १९०५ च्या सुमारास मुंबईत गाडी हाकणाऱ्या सुझान टाटा यांचं नाव घेतलं जातं. त्या जे. आर. डी. टाटांच्या मातोश्री. पण हा झाला अपवाद. अॅम्बेसेडर आणि फियाटच्या जमान्यात गाडी घेणारा माणूस आधी ड्रायव्हर शोधायचा. ती जड स्टिअरिंगं आणि स्टिअरिंगला चिकटलेला तो गिअरचा दांडा आठवतोय ना? बायकांनी त्या वाटेला जाऊच नये, असा एकूण थाट!

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि चित्र पालटलं. हलकी गाडी, हलका क्लच, गिअर जमिनीवर. मध्यमवर्गीय माणूस स्वतःच ड्रायव्हर झाला आणि गल्लोगल्ली ड्रायव्हिंग स्कूल्स निघाली. त्याच सुमारास आलेल्या बिनगिअरच्या, बटण दाबून सुरू होणाऱ्या कायनेटिक होंडाने पुण्यासारख्या शहरात बायकांना आधीच रस्त्यावर आणलं होतं. स्कूटरवर ट्रॅफिकचा अंदाज आलेली स्त्री मोटार लवकर शिकते, हे कोणताही मास्तर सांगेल. मुळात अडचण रस्त्याची नसतेच. अडचण असते ती डाव्या पायाखाली.

डाव्या पायाचं कोडं

क्लच म्हणजे नेमकं काय, हे सांगण्याची तसदी फार थोडे मास्तर घेतात. ‘दाबा’ आणि ‘सोडा’, एवढ्यावर भागवतात. खरं तर पाच मिनिटांची गोष्ट आहे. गाडी उभी असली तरी इंजिन फिरतच असतं, मिनिटाला साधारण आठशे फेऱ्या. चाकं मात्र स्थिर. या फिरत्या आणि स्थिर भागांची गाठ घालून देणाऱ्या तबकड्या म्हणजे क्लच. पेडल दाबलं की तबकड्या वेगळ्या, सोडलं की एकमेकींना चिकटतात. पाय झटकन उचलला तर फिरत्या इंजिनवर अख्ख्या गाडीचं ओझं एकदम येऊन पडतं, त्याला ते पेलत नाही आणि गाडी आचका देऊन बंद पडते. मधल्या टप्प्यावर, जिथे तबकड्या नुसत्या घासू लागतात, तिथे पाय क्षणभर थांबवायचा. इंजिनचा आवाज जरा जड होतो, गाडीत हलकीशी थरथर जाणवते. हाच तो हाफ क्लच. तो कानाने आणि तळपायाने ओळखायचा असतो, डोळ्यांनी नव्हे. मोकळ्या मैदानात अॅक्सिलेटरला पायही न लावता, केवळ क्लच सावकाश सोडून गाडी हलवायची, थांबवायची, पुन्हा हलवायची. असं चाळीस-पन्नास वेळा केलं की डावा पाय आपोआप शहाणा होतो. पण तिघं विद्यार्थी आणि एक तास असलेल्या वर्गात पन्नास वेळा कोण करू देणार?

आता क्लच नसलेल्या ऑटोमॅटिक गाड्याही भरपूर निघाल्या आहेत. पन्नाशीला पहिल्यांदा शिकणाऱ्यांनी त्यांचा जरूर विचार करावा, त्यात कमीपणा कसला? मात्र एक लक्षात ठेवा. आपल्याकडे मोटारीच्या लायसन्सवर ऑटोमॅटिक आणि गिअरची असा भेद नाही. ऑटोमॅटिकवर पास झालेल्या माणसाला उद्या गिअरची गाडी चालवायला कायद्याची आडकाठी नाही. डाव्या पायाची मात्र आहे. दुचाकीचं तसं नाही. बिनगिअरच्या स्कूटरचं लायसन्स घेऊन गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही.

घरचा मास्तर

‘‘अगं, क्लच दाब, क्लच!’’

‘‘अहो, दाबलाय!’’

‘‘तो ब्रेक आहे!’’

नवऱ्याकडून गाडी शिकू नये, असं म्हणतात ते उगीच नव्हे. आरडाओरडा तर होतोच, त्यापलीकडे एक तांत्रिक कारणही आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असावा, असा नियम आहे. घरच्या गाडीत तो नसतो. ज्याच्या हाती ब्रेक नाही तो तोंडाने ब्रेक लावू पाहतो, म्हणजे ओरडतो. आणि कानाशी कुणी ओरडलं की नवशिक्याचा पाय नेमका भलत्याच पेडलवर पडतो. तेव्हा सुरुवात शाळेत करा, घरचा मास्तर सरावासाठी ठेवा. सरावाच्या वेळी शेजारच्या माणसाकडे त्या गाडीचं पक्कं लायसन्स हवं, गाडी थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा, आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. पाटी १८ सेंटिमीटर चौरस. कोपऱ्यात खडूने काढलेला ‘एल’ चालत नाही!

शाळा निवडताना फीबरोबर तासही विचारा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार खासगी मोटार शिकवण्याचा अभ्यासक्रम किमान २१ दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंग हातात असण्याचा वेळ किमान १० तासांचा असायला हवा. रोज वीस मिनिटं, पंधरा दिवस, याचा हिशेब करून पाहा. पाच तास होतात. म्हणजे अर्धीच शाळा! उरलेले तास मागून घ्यायला लाजायचं कारण नाही. आणि हो, ते तास रिकाम्या सकाळचेच नकोत. किमान दोन-तीन तास संध्याकाळच्या गर्दीत, एखादा अंधार पडल्यावर आणि जमलं तर एखादा पावसात. लायसन्स मिळाल्यावर गाडी पार्किंगमध्ये राहते त्याचं मोठं कारण हेच. शिकवणी सकाळी साडेसहाच्या रस्त्यावर झालेली असते आणि काम पडतं संध्याकाळी साडेसहाला.

चाचणीत खरं काय बघायचं असतं?

आधी शिकाऊ लायसन्स, म्हणजे आपल्या बोलीत लर्निंग. वाहतुकीच्या खुणा, रस्त्याचे नियम, फाटक नसलेलं रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची काळजी, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्यं आणि जवळ बाळगायची कागदपत्रं, एवढ्यावर प्रश्न असतात. ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पास. महाराष्ट्रात २०२१ च्या जूनपासून आधार क्रमांकाच्या आधारे घरबसल्या संगणकावर ही परीक्षा देण्याची सोय झाली. सोय चांगली, पण ताईची उत्तरं दादाने देण्याचा मोहही तिथेच! निदान एवढं तरी स्वतः पाठ करा. गोलातली खूण म्हणजे हुकूम, त्रिकोणातली म्हणजे सावधगिरी, निळ्या चौकोनातली म्हणजे माहिती. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची. आणि अपघात झाला तर जखमीला डॉक्टरकडे पोहोचवायचं, चोवीस तासांच्या आत पोलिसांत कळवायचं. जमाव खवळला म्हणून जखमीजवळ थांबणं शक्य झालं नाही, तर कायदा तेवढी सवलत देतो. पोलिसांत न कळवण्याची सवलत मात्र तीत धरू नये.

लर्निंग सहा महिने चालतं. ते मिळाल्यावर किमान ३० दिवसांनीच पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. हा महिना सरावासाठी आहे. तो आपल्याकडे बहुधा वाट पाहण्यात जातो.

चाचणीत काय तपासावं याची कायद्यातली यादी वाचली तर डोळे विस्फारतात. सुरुवातीलाच आरसा नीट करणं. मग सगळे गिअर क्रमाने टाकत सर्वांत वरच्या गिअरपर्यंत जाणं. गरज पडताच झटपट खालच्या गिअरवर येणं. उतारावर खालचा गिअर वापरणं. चढावर गाडी थांबवून, मागे न घरंगळता पुन्हा सुरू करणं. अरुंद जागेत रिव्हर्स घेणं, पुढे-मागे करत गाडीचं तोंड फिरवणं, ओव्हरटेक करणं आणि करू देणं, पादचाऱ्याला आधी जाऊ देणं. इतकं सगळं! आता आपल्या गावच्या मैदानातली चाचणी आठवा. पुष्कळ ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये एक गोल, फार तर थोडं रिव्हर्स, की ‘पुढचा कोण?’. चौथा गिअर तपासायला तिथे जागाच नसते. साहेबांसमोर रांग इतकी मोठी, की त्यांनी मनावर घेतलं तरी सगळी यादी तपासून होणार नाही.

जिथे शास्त्रशुद्ध ट्रॅक बांधलेत तिथे मात्र चित्र निराळं आहे. पुण्याची चारचाकीची चाचणी भोसरीच्या आयडीटीआर केंद्राच्या ट्रॅकवर घेतली जाते. आठचा आकडा (मराठी नव्हे बरं का, इंग्रजी आठ!), ‘एच’ आकारात रिव्हर्स, चढावर थांबून सुटणं. शेजारी मास्तर नाही आणि गाडी कडेला लागली की नापास. असल्या ट्रॅकची उमेदवार धास्ती घेतात. आमच्या मते ही धास्ती आरोग्याला चांगली.

यातला चढ बहुतेकांना नडतो. त्याची युक्ती सोपी आहे. थांबल्यावर हॅण्डब्रेक पूर्ण ओढायचा. पहिला गिअर, जरासा अॅक्सिलेटर, आणि क्लच हाफपर्यंत आणायचा. इंजिनचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित वर आल्यासारखं वाटलं, की मगच हॅण्डब्रेक सोडायचा. गाडी मागे जायचं नावच काढत नाही. घाट उतरताना याच्या उलट मोह होतो. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची! कसारा असो की खंबाटकी, हे कधीही करू नका. गिअर नसेल तर सगळा भार ब्रेकवर पडतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात.

आणखी एक हिशेब कुठल्याच मैदानात शिकवत नाहीत. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर कापते. समोर मूल आडवं आलेलं दिसलं आणि पाय ब्रेकवर पोहोचायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी एका बसच्या लांबीपेक्षाही पुढे गेलेली असते. ब्रेक लागायला सुरुवात होते ती त्यानंतर. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, असं मास्तर सांगतात. किती, ते हा हिशेब सांगतो.

‘सगळं करून देतो’

आता एजंटाकडे वळू. केंद्रीय नियमांत २०१६ च्या अखेरीस ठरलेली फी अशी होती: शिकाऊ लायसन्सला १५० रुपये, त्याच्या परीक्षेला ५०, गाडी चालवण्याच्या चाचणीला ३०० आणि पक्क्या लायसन्सला २००. त्यावर राज्याचे किरकोळ आकार. एजंट सांगतो तो आकडा याच्या कितीतरी पट असतो. फरकाचे पैसे कशाचे? रांगेचे, फॉर्म भरण्याचे, असं तो म्हणतो. फॉर्म आता सारथी नावाच्या सरकारी संकेतस्थळावर घरून भरता येतो, वेळही तिथेच घेता येते. तेव्हा फरकाचे पैसे बहुधा ‘चाचणी नीट न देण्याचे’ असतात.

हे पैसे पुढे महागात पडू शकतात. लायसन्स बोगस निघालं तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. दुसऱ्याला इजा झाली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ सालच्या स्वर्णसिंग निकालानंतर कोर्ट कंपनीला आधी जखमीचे पैसे भरायला लावू शकतं आणि ते गाडीच्या मालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं. ती रक्कम लाखांत जाते. याच निकालात शिकाऊ लायसन्सही लायसन्सच मानलं गेलं, हा नियम पाळून शिकणाऱ्यांना दिलासा.

चाचणीत नापास झालात तर आकाश कोसळत नाही. सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं.

दरम्यान २०२१ च्या जुलैपासून नवा मार्गही खुला झाला. सरकारमान्य चालक प्रशिक्षण केंद्रात २९ तासांचा अभ्यासक्रम, त्यातले २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे, सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅक. तिथली परीक्षा पास झालेल्याला आरटीओच्या चाचणीतून सूट मिळते. ‘जून २०२४ पासून आरटीओची चाचणीच रद्द’ अशी आवई उठली होती ती यावरूनच, आणि मंत्रालयाला खुलासा करावा लागला. नाक्यावरच्या साध्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दाखल्याला ही सूट नाही. कुणी तसं सांगून जास्त पैसे मागत असेल तर मान्यतापत्र पाहायला मागा.

सोळा वर्षांच्या चिरंजीवांसाठी

दहावीला नव्वद टक्के पडले की स्कूटर, असा करार अनेक घरांत झालेला असतो. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं. आज दुकानात दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटर्स बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या. त्यांना अठरा पूर्ण हवीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. पुढे नोकरीच्या पहिल्या वर्षांत तो बसच्या रांगेत उभा राहील, ते बाबांच्या या बक्षिसामुळे! ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या आणि २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या विजेच्या दुचाकीला लायसन्स लागत नाही. क्लासला जायला ती पुरते.

आणि चाळिशीनंतर?

वयाची वरची मर्यादा नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो, एवढंच. नजरेची कसोटी घरीही करता येते. चांगल्या उजेडात २५ मीटरवरच्या मोटारीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे, चष्मा लावून वाचली तरी चालते. महाराष्ट्रात काढलेलं लायसन्स देशभर चालतं, त्यामुळे बदली होऊन बंगळुरूला किंवा भोपाळला गेलेल्यांनी ते पुन्हा काढायची गरज नाही. मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांना त्यावरून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळू शकतो.

जुनं लायसन्स कपाटात असेल तर ते बाहेर काढून तारीख बघा. पूर्वी ते वीस वर्षं किंवा पन्नाशीपर्यंत चालायचं. २०१९ पासून तिशीच्या आत काढलेलं चाळिशीपर्यंत, तिशी ते पन्नाशीत काढलेलं दहा वर्षं आणि पंचावन्ननंतरचं पाच-पाच वर्षं चालतं. मुदत संपून वर्ष उलटलं नसेल तर साधं नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आरशापासून रिव्हर्सपर्यंत.